क्रमिकेचा आलेख दर वेळी चुकतोय? आधी टेबल उघडा

क्रमिकेचा (म्हणजे ओळीने येणाऱ्या संख्यांचा, त्यातली प्रत्येक संख्या म्हणजे एक पद) आलेख काढायचाय पण स्क्रीनवर भलतंच येतंय, ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आलीये की आता मुलांनी फोन पुढे करायच्या आधीच मला अंदाज येतो की बहुतेक तीनपैकी एक काहीतरी दिसत असणार. सलग वक्ररेषा, नाहीतर एकच ठिपका स्लायडरबरोबर (किंमत बदलायच्या सरकपट्टीबरोबर) इकडून तिकडे सरकतोय, नाहीतर काहीच नाही, नुसत्या चौकटी. आणि एकदा नीट करून दिलं तरी पुढच्या आठवड्यात दुसरी क्रमिका आली की परत तेच. कारण आपण तेवढ्यापुरतं काहीतरी करतो, झूम करतो, ऍप बंद करून चालू करतो, मित्राने सांगितलेली कमांड तशीच चिकटवतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

मूळ दुखणं एकच आहे. ग्राफिंग कॅल्क्युलेटर हा मुळात वाय = एफ(एक्स) साठी बनवलेला असतो. तो एक्सच्या जागी जवळजवळच्या शेकडो किंमती टाकत जातो, १.०१, १.०२, असं करत, आणि आलेले ठिपके जोडून टाकतो. क्रमिकेत एन हा क्रमांक असतो. पहिलं पद असतं, दुसरं असतं, तिसरं असतं, अडीचावं पद नसतंच. ही गोष्ट आपण सॉफ्टवेअरला सांगत नाही आणि मग ते त्याच्या सवयीने वागतं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सवय लावायला बघतो, की आलेखाकडे बघायच्या आधी टेबल, म्हणजे पदांचा तक्ता, बघायचं. पहिली पाच पदं वहीत हाताने काढा, सॉफ्टवेअरच्या टेबलमधली पहिली पाच पदं शेजारी ठेवा, जुळतात का बघा. जुळत नसतील तर चूक सूत्रात आहे, मग झूम करून काही उपयोग नाही. जुळत असतील तर चूक चित्रात आहे, म्हणजे विंडो (स्क्रीनवर दिसणारा अक्षांचा पट्टा), जोडरेषा, मोड यांपैकी काहीतरी. हे दोन भाग वेगळे केले ना की निम्मा त्रास तिथेच संपतो. (सूत्रं मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं घ्या.)

डेस्मॉस या आलेख काढायच्या ऍपपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिथले येतात. मुलं (एन, १/एन) असं टाइप करतात, डेस्मॉसला एन माहीत नसतो, ते विचारतं स्लायडर घालू का, मुलं हो म्हणतात, आणि मग एकच ठिपका मिळतो जो स्लायडर ओढला की सरकतो. डेस्मॉसचं यात काही चुकलेलं नाही, एनला एका वेळी एकच किंमत आहे तर ठिपकाही एकच येणार. इथे एन ही यादी हवी. स्लायडरची ओळ खोडा आणि तिथे एन = [१...२०] लिहा, चौकटी कंसात, मध्ये तीन टिंबं. लगेच वीस ठिपके दिसतील. एक सोडून एक पदं हवी असतील तर [१, ३...१९] असं, पहिली दोन दिली की पुढचा फरक ते स्वतः ओळखतं.

डेस्मॉसमध्ये दुसरा एक खड्डा आहे आणि त्यात चांगली चांगली मुलं पडतात. पुस्तकात आपण ए लिहून खाली छोटा एन लिहितो, म्हणजे एनवं पद. डेस्मॉसमध्येही खाली छोटं अक्षर लिहिता येतं म्हणून मुलं तसंच लिहितात, पण तिथे ते नुसतं नाव असतं. ए च्या खाली एन म्हणजे "एनवं पद" असं त्याला अजिबात कळत नाही, त्याच्यासाठी ते एका चलाचं दोन अक्षरी नाव आहे. पद हवं असेल तर फंक्शनसारखं लिहा, ए(एन) = ..., किंवा यादी केली असेल तर यादीच्या नावापुढे चौकटी कंसात क्रमांक. आणि यादीतला पहिला क्रमांक १ असतो, ० नाही. तुमची क्रमिका शून्यापासून सुरू होत असेल तर सगळं एक घर सरकतं, आणि हे टेबलमध्ये लगेच दिसतं, आलेखात मात्र कित्येकदा लक्षातच येत नाही कारण आकार तोच असतो.

आता जिओजेब्रा, हेही आलेख काढायचं ऍप. तिथे सिक्वेन्स नावाची सरळ कमांड आहे, कंसात आधी काय हवंय ते, मग चल, मग कुठून, मग कुठपर्यंत. तक्रार अशी येते की "कमांड चालली, डावीकडे सगळ्या संख्या दिसतात, पण आलेखात काहीच नाही". बघा बरं कंसात पहिलं काय लिहिलंय, नुसतं १/एन लिहिलं असेल तर संख्यांची यादी तयार होते आणि संख्यांची यादी काही आलेखावर बसत नाही, तिला जागा कुठली ते माहीत नाही. (एन, १/एन) लिहा, म्हणजे बिंदूंची यादी होईल आणि बिंदू दिसतील. तिथेच आणखी एक, एखादा बिंदू स्वतंत्रपणे नाव देऊन काढत असाल तर नाव मोठ्या लिपीतलं द्या, छोट्या लिपीतलं दिलं की जिओजेब्रा त्याला सदिश समजतं आणि ठिपक्याऐवजी बाण काढतं.

कोऱ्या स्क्रीनचा सगळ्यात छान नमुना म्हणजे (-१)^एन. यावर जरा थांबतो कारण यात खरं गणित आहे. मुलगा वाय = (-१)^एक्स टाकतो आणि काहीच येत नाही. तो म्हणतो सर, क्रमिका तर -१, १, -१, १ अशी सरळ आहे, मग आलेख का नाही? कारण एक्स १.५ असताना -१ चा दीड घात म्हणजे -१ च्या घनाचं वर्गमूळ, ते वास्तव संख्यांत नाहीच. आणि कॉम्प्युटर आतमध्ये अपूर्णांक दोनाच्या घातांच्या छेदात ठेवतो, त्यामुळे पूर्णांक नसलेली त्याच्याकडची प्रत्येक किंमत सम छेदाची, म्हणजे मधल्या कुठल्याच ठिकाणी उत्तर नाही. पूर्णांकांवर उत्तर आहे, पण दोन पूर्णांकांच्या मध्ये जोडायला काही नाही म्हणून रेषा निघत नाही. सॉफ्टवेअर इथे बरोबर वागतंय, आपण प्रश्न चुकीचा विचारलाय. एनची यादी दिली की ठिपके छान वर-खाली उमटतात.

आणि कंस! -१^एन आणि (-१)^एन या वेगळ्या गोष्टी आहेत. कंस नसेल तर डेस्मॉस आणि बहुतेक कॅल्क्युलेटर आधी १ चा घात घेतात आणि मग उणे लावतात, म्हणजे प्रत्येक पद -१, आलेखात सरळ आडवी ठिपक्यांची रांग. उलट एक्सेलमध्ये =-१^२ लिहिलं तर उत्तर १ येतं, कारण तिथे उणे चिन्ह आधी लागतं. म्हणजे तेच सूत्र दोन ठिकाणी दोन उत्तरं देतं, आणि पोरगं बिचारं तासभर स्वतःला दोष देत बसतं. कंस घाला, दर वेळी घाला. १/एन+१ आणि १/(एन+१) मध्येही हीच भानगड.

आता मागच्या पदावरून पुढचं पद काढायच्या क्रमिका, म्हणजे रिकर्सिव. टीआय-८४ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर हातात असेल तर आधी मोड बटण दाबून सिक्वेन्स मोड निवडावा लागतो, नाहीतर वाय= च्या पानावर यू, व्ही, डब्ल्यू (तिथली क्रमिकांची नावं) दिसतच नाहीत. तिथे नेहमीची चूक ही की यू हे अक्षर अल्फा बटणाने टाइप केलं जातं. ते अक्षर म्हणजे साधं चल, क्रमिकेचा यू वेगळा असतो आणि तो सेकंड बटण दाबून ७ वर मिळतो, व्ही ८ वर, डब्ल्यू ९ वर. एनचंही तसंच, क्रमिकेचा एन सिक्वेन्स मोडमध्ये एक्स-टी-थीटा-एन या बटणावर मिळतो, अल्फामधला मोठा एन चालत नाही. स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, म्हणून चूक सापडता सापडत नाही.

पुस्तकात नियम बहुधा असा देतात की एन+१ वं पद = २ × एनवं पद + १. जुन्या टीआयवर हे जसंच्या तसं जात नाही, यू(एन) = २यू(एन-१) + १ असं एक पायरी मागे सरकवून लिहावं लागतं, आणि सरकवताना मुलं उजवीकडचा एखादा मोकळा एन सरकवायला विसरतात. समजा नियम "पुढचं पद = आत्ताचं पद + एन" असा असेल तर सरकवल्यावर तो यू(एन) = यू(एन-१) + (एन-१) होतो, नुसता + एन नाही. पहिलं पद १ घेतलं तर बरोबर क्रमिका १, २, ४, ७, ११ आणि चुकलेली १, ३, ६, १०, १५. दोन्ही आलेख वर वळत जाणारे, दिसायला सारखेच, नुसत्या चित्रावरून कुणालाही कळणार नाही. टेबलमध्ये दुसऱ्याच ओळीला कळतं.

सुरुवातीचं पद द्यायचं राहिलं तर आलेख येणारच नाही हे सांगायला नको, पण फिबोनाचीसारख्या क्रमिकेला (प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोन पदांची बेरीज) दोन पदं लागतात आणि एकच दिलेलं असतं. टीआयवर ती दोन महिरपी कंसात द्यायची. दोन्ही १ असतील तर प्रश्न नाही, वेगळी असतील तर कुठलं आधी गेलं हे टेबल उघडून बघून घ्या आणि उलटं वाटलं तर अदलाबदल करा. जिओजेब्रात इटरेशनलिस्ट कमांड आहे, ती आधीच्या पदावर तेच फंक्शन परत परत लावून सगळी पदं यादीत देते, सुरुवातीचं पद धरून, म्हणजे १० वेळा लावलं तर यादीत ११ पदं असतात. डेस्मॉसमध्येही आता ए(१) = १ आणि खाली ए(एन) = २ए(एन-१) + १ असं दोन ओळींत लिहिलेलं चालतं. आणि यातलं काहीच जमेना तर स्प्रेडशीट, पहिल्या घरात पहिलं पद, खालच्या घरात वरच्या घरावरून सूत्र, आणि खाली ओढत न्या. मला स्वतःला शिकवायला हीच पद्धत सगळ्यात आवडते, कारण प्रत्येक पद डोळ्यासमोर राहतं. फक्त चार्ट निवडताना स्कॅटर निवडा, लाइन चार्ट घेतला तर तो क्रमांकांचा रकानाही दुसरी क्रमिका समजून काढून टाकतो आणि मग दोन रेषा का आल्या म्हणून गोंधळ.

आता पदं बरोबर आहेत पण चित्र चुकतंय, तिकडे वळू. बहुतेक वेळा विंडो. साधारण विंडो -१० ते १० असते. त्यात १/एन काढलं तर दहावं पद ०.१ वर, म्हणजे अक्षाला चिकटलेलंच दिसणार. वायचा पट्टा ० ते १ करा, एक्सचा ० ते २०. उलटं टोक म्हणजे २^एन, तिसावं पद १,०७,३७,४१,८२४ आहे, ते मावेल एवढी विंडो केली की पहिली वीस-बावीस पदं जमिनीला चिकटतात आणि वाटतं की क्रमिका बराच वेळ शून्यच होती. अशा वेळी पदांऐवजी त्यांचे लॉग काढा, (एन, लॉग(२^एन)), ठिपके एका सरळ रेषेत येतील आणि दर पायरीला साधारण ०.३०१ ने चढतील. ठिपके खरंच सरळ रेषेत आले तर क्रमिका भूमिती श्रेढी आहे, म्हणजे प्रत्येक पद आधीच्याच्या ठरावीक पट, हे त्याच चित्रात दिसतं, मला हे चित्र दाखवायला फार आवडतं.

ठिपके जोडायचे का? माझं मत स्पष्ट आहे, आधी जोडू नका. डेस्मॉसमध्ये ओळीच्या डावीकडचं रंगाचं वर्तुळ दाबून धरलं की रेषा चालू-बंद करता येते, टीआयवर वाय= मध्ये सूत्राच्या डावीकडची स्टाइल बदलता येते. चढउतार कळावेत म्हणून फिकी सरळ रेषा ठेवली तर ठीक, पण स्प्रेडशीटमधला स्मूथ लाइनचा पर्याय अजिबात नको, तो मधे जे फुगवटे काढतो ते क्रमिकेत नसतातच.

साइन(एन) चा आलेख "सरळ रेषा आली" असं कोणी म्हणालं की मोड डिग्रीत आहे. साइन १ डिग्री म्हणजे ०.०१७५, वीसाव्या पदालाही फक्त ०.३४२, त्यामुळे रांग हळूहळू चढताना दिसते. रेडियन करा. मग दुसरा प्रश्न येतो, की हजार-दोन हजार पदं काढली तर एक लाट दिसायच्या ऐवजी खूपशा लाटा एकमेकांत गुंफलेल्या दिसतात, हे काय? ही चूक नाही. ४४ ही संख्या २पायच्या ७ पटींच्या अगदी जवळ आहे (२२/७ आठवा), म्हणून दर ४४ पदांनी जवळपास तीच किंमत परत येते, आणि डोळा ते ४४ अंतरावरचे ठिपके जोडून संथ लाटा बघतो. असे ४४ धागे. पूर्णांकांवरच ठिपके असल्यामुळे दिसणारी गोष्ट आहे ही, सलग साइनच्या आलेखात कधी दिसणार नाही.

इथवरच्या चुका आपल्या हाताने सुटतात. खालच्या दोन मात्र सॉफ्टवेअरच्या आकड्यांच्या आहेत आणि यांच्यावर कुणी बोलत नाही.

एक, आकडे मावत नाहीत. टीआय-८४ वर ६९ चं फॅक्टोरियल (१ ते ६९ चा गुणाकार) निघतं, ७० ला ओव्हरफ्लो. कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या दशांश गणितात १७० पर्यंत जातं, १७१ ला संपतं, आणि आलेख तिथे अचानक तुटतो. फिबोनाची तर तुटतही नाही, ७८ व्या पदापर्यंत सगळी पदं नेमकी साठवता येतात, ७९ वं पद २^५३ च्या पुढे जातं (तिथपर्यंतच सगळे पूर्णांक नेमके मावतात) आणि तिथून पुढे शेवटचे अंक भरवशाचे राहत नाहीत. आलेखात याचा मागमूस नसतो. (१ + १/एन)^एन ही क्रमिका ई कडे, म्हणजे २.७१८ कडे जाते हे दाखवायला मुलं एन मोठा मोठा करत जातात, एन १०^१५ ला उत्तर येतं ३.०३५ आणि १०^१६ ला येतं सरळ १, कारण १ मध्ये इतका छोटा आकडा मिळवला तर साठवताना तो गळूनच जातो. १०^६ पर्यंत थांबा, तिथे उत्तर चांगलं आहे.

दोन, चूक फुगत जाते. रॉबर्ट मे यांच्या १९७६ च्या लेखामुळे गाजलेली क्रमिका घ्या, पुढचं पद = आर × पद × (१ - पद), आर ही आपण ठरवायची संख्या, सुरुवात ०.१. आर ३.२ ला ठेवला तर थोड्या पदांनंतर ठिपके दोन उंचींवर आलटून पालटून बसतात, ३.५ ला चार उंचींवर, आणि मुलांना वाटतं आलेख खराब झाला, तर तो झालेला नाही, ती क्रमिकाच तशी आहे. आर ४ केलात की खरी गंमत. ४ × पद × (१ - पद) आणि ४ × पद - ४ × पद² हे बीजगणितात एकच, दोन रकान्यांत दोन्ही काढा, पन्नासेक पदांपर्यंत साथ देतील आणि मग दोन वेगळ्याच वाटांना लागतील. राउंडिंगची चूक दर पायरीला साधारण दुप्पट होते आणि कॉम्प्युटरकडे एक संख्या साठवायला ५३ बिट्स (दोनाच्या पद्धतीतले अंक) आहेत, म्हणून साधारण पन्नास. तेव्हा दोन सॉफ्टवेअरचे आलेख साठाव्या पदाला जुळत नाहीत म्हणून हैराण होऊ नका, तिथे दोघांपैकी कुणाचाच आकडा खरा नाही.

याहून धोकादायक उदाहरण कॉम्प्युटरच्या आकडेमोडीचा अभ्यास करणाऱ्या जाँ-मिशेल म्युलर यांचं, कारण तिथे आलेख अगदी शांत आणि पटण्यासारखा दिसतो. पहिली दोन पदं ४ आणि ४.२५, पुढचं पद = १०८ - (८१५ - १५००/आधीच्या आधीचं पद) / आधीचं पद. स्प्रेडशीटमध्ये ओढत न्या, पदं ५ च्या दिशेने जातात, मग पंधरा-वीस पायऱ्यांच्या आसपास उसळी मारतात आणि १०० वर जाऊन स्थिर बसतात. आलेख बघणारा कोणीही म्हणेल की सीमा, म्हणजे पदं जिच्या जवळ जवळ जातात ती संख्या, १००. खरी सीमा ५ आहे. या क्रमिकेचं थेट सूत्र आहे, (३^(एन+१) + ५^(एन+१)) / (३^एन + ५^एन), एन शून्यापासून, ते शेजारच्या रकान्यात काढून बघा. त्याच नियमाच्या इतर क्रमिका १०० कडे जातात, राउंडिंगने त्यातला एक कण आत शिरतो आणि तोच वाढत जाऊन सगळं गिळतो. थेट सूत्र उपलब्ध असेल तर मी नेहमी दोन्ही रकाने काढायला सांगतो, ते यासाठीच.

आलेख आडवा होतोय म्हणजे सीमा आली, हेही नको. १ + १/२ + १/३ + ... या बेरजांचा आलेख काढा, १०० पदांना ५.१८७, हजाराला ७.४८५, दहा लाखांना १४.३९३, स्क्रीनवर जवळजवळ सपाट, पण ती कधीच थांबत नाही.

राहिलं ते परत परत होण्याचं. पुष्कळदा दुखणं जुन्या फाइलमधून येतं. डेस्मॉसच्या त्याच पानावर मागच्या वेळचा एनचा स्लायडर खाली कुठेतरी पडलेला असतो, आपण वर एन = [१...२०] लिहितो आणि ते म्हणतं एनची व्याख्या एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे. नव्या क्रमिकेला कोरं पान घ्या. टीआयवर मागच्या धड्यातला प्लॉट१ चालू राहिलेला असतो आणि त्याच्या याद्या रिकाम्या, मग ग्राफ दाबलं की डायमेन्शनची एरर येते जिचा तुमच्या क्रमिकेशी काही संबंध नसतो, वाय= च्या पानावर अगदी वर जाऊन प्लॉट१ वर एंटर दाबलं की तो बंद होतो. आणि क्रमिकेचं काम झालं की मोड परत फंक्शनवर आणून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वाय = एक्स² टाकायला जाल आणि वाय१ कुठे गेलं म्हणून शोधत बसाल.